लिथियम बॅटरीच्या पोटातील ठिणगी

७ जानेवारी २०१३ रोजी सकाळी अमेरिकेतील बोस्टन विमानतळावर जपान एअरलाइन्सचे बोइंग ७८७ जातीचे एक विमान टोकियोहून येऊन थांबले होते. प्रवासी उतरून गेले होते आणि साफसफाईचे कर्मचारी आत काम करीत होते. अशा वेळी विमानाच्या मागील भागात धूर दिसू लागला. विमानाच्या पोटातील विद्युत् उपकरणांच्या कप्प्यात ठेवलेली लिथियम-आयन बॅटरी पेटली होती. ही आग पूर्णपणे आटोक्यात आणण्यास अग्निशामक दलाला दीड तासाहून अधिक वेळ लागला. त्यानंतर नऊच दिवसांनी, १६ जानेवारीस, जपानमध्ये ऑल निप्पॉन एअरवेजच्या त्याच जातीच्या विमानात उड्डाण चालू असतानाच तसा प्रकार घडला. विमान ताकामात्सु येथे तातडीने उतरवून प्रवाशांना घसरपट्ट्यांवरून बाहेर काढावे लागले. जगभर सेवेत असलेली या जातीची सर्व पन्नास विमाने पुढे तीन महिन्यांहून अधिक काळ जमिनीवर खिळून राहिली.

बोस्टनच्या घटनेची चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने केली व २०१४ मध्ये आपला अहवाल दिला. बॅटरीत आठ घट होते. त्यांपैकी एका घटात आतल्या आत शॉर्टसर्किट झाले, तो घट तापत जाऊन फुटला आणि त्याच्या उष्णतेने शेजारचे घट एकामागून एक बिघडत गेले, असा मंडळाचा निष्कर्ष होता. त्या पहिल्या घटात शॉर्टसर्किट नेमके कशामुळे झाले, हे मात्र निश्चित करता आले नाही. पुरावा आगीतच नष्ट झाला होता.

विमानांपुरता हा प्रश्न मर्यादित असता तर तो तज्ज्ञांवर सोपवून भागले असते. परंतु त्याच तत्त्वावर चालणारी बॅटरी आज शिक्षकाच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे, पंचायतीच्या सौर पथदिव्यात आहे आणि घराच्या जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरमध्येही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा दगावला. अशा प्रत्येक दुर्घटनेचे कारण अंतर्गत शॉर्टसर्किट असतेच असे नाही. सदोष चार्जर, सैल जोडणी, पाण्याचा शिरकाव अशीही कारणे असतात. पण इतर कारणांवर बाहेरून काही इलाज करता येतो, तसा या एका कारणावर करता येत नाही. म्हणून ते वेगळे समजून घेणे आवश्यक ठरते.

घटाची रचना

लिथियम-आयन घटाची रचना तत्त्वतः साधी आहे. धन बाजूस ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असून त्यावर लिथियमयुक्त धातूंच्या ऑक्साइडचा वा फॉस्फेटचा लेप असतो. ऋण बाजूस तांब्याचा त्याहूनही पातळ पत्रा असून त्यावर ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनचा लेप असतो. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा असतो आणि हे सर्व एका द्रावात भिजलेले असते. घट भारित होताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघून पडद्यातील छिद्रांमधून ऋण बाजूच्या कार्बनमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. आयनांनी पडद्यातून जावे, इलेक्ट्रॉनांनी मात्र बाहेरच्या तारेनेच जावे, या विभागणीवर बॅटरीचे सारे कार्य अवलंबून आहे.

हा पडदा बहुधा १० ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा धरला तर पडदा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ ठरतो. अशा पडद्याची अर्ध्या मीटरहून लांब पट्टी दोन्ही पत्र्यांसह गुंडाळून १८ मिलिमीटर व्यासाच्या व ६५ मिलिमीटर उंचीच्या डबीत बसविलेली असते. स्कूटर, लॅपटॉप व विजेरी दिव्यांत सर्रास दिसणारा गोल घट तो हाच.

या डबीचे वजन सुमारे ४५ ग्रॅम असून तीत जवळजवळ १० वॅट-तास वीज साठते. म्हणजे ३६,००० जूल. एवढ्या ऊर्जेने चहाचा एक कप पाणी उकळीस येऊ शकते. परंतु ही ऊर्जा घटातल्या घटातच उष्णतेच्या रूपाने बाहेर पडली तर घटाचे तापमान साधारण ८०० अंशांनी वाढेल, असे साध्या गणिताने काढता येते. घटातील द्राव ज्वालाग्राही असल्याने तो पेटल्यावर निघणारी उष्णता याहून वेगळी. तीन युनिट वीज साठविणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीत असे तीनशे घट शेजारी शेजारी उभे असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या केसाहून पातळ पडद्यावर केवढा भार आहे याची कल्पना येते.

मोटारीतील जुनी शिसे-आम्लाची बॅटरी या बाबतीत बरीच सोशिक होती. तिच्यातील द्राव म्हणजे बहुतांशी पाणीच असे. लिथियमचा घट तिच्या पटीने अधिक वीज देतो, पण त्यासाठी पाण्याऐवजी पेटणारे सेंद्रिय द्रव वापरावे लागतात, कारण इतक्या दाबाच्या विजेपुढे पाणी टिकत नाही, त्याचे विघटन होते.

पडदा कसा भेदला जातो

आरंभीच्या काळात या घटांत ऋण बाजूस शुद्ध लिथियम धातूच वापरला जाई. तो भारित होताना धातूचा थर सपाट न बसता सुईसारखे काटे वाढत आणि पडदा भेदून पलीकडे टेकत. १९८९ मध्ये कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीच्या अशाच बॅटऱ्या जपानमधील मोबाईल दूरध्वनीत पेटल्यामुळे परत मागवाव्या लागल्या. जपानचे अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातूऐवजी कार्बनी पदार्थ वापरून घट तयार केला होता. या घटावर लोखंडाचा जड ठोकळा टाकून त्यांनी चाचणी घेतली. तो पेटला नाही, लिथियम धातूचा घट मात्र भडकला. त्या क्षणीच लिथियम-आयन बॅटरीचा खरा जन्म झाला, असे योशिनो यांनी पुढे म्हटले आहे. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक योशिनो, जॉन गुडइनफ व स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांना विभागून देण्यात आले.

काट्यांचा धोका त्याने फार कमी झाला, पण समूळ गेला नाही. घट फार वेगाने भारित केला, किंवा शून्य अंशाखालील थंडीत भारित केला, तर लिथियमला कार्बनच्या आत शिरण्यास अवसर मिळत नाही व ते पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचू लागते. त्यातून पुन्हा काटे निघतात.

याहून अधिक घातक ठरते ती कारखान्यातील धूळ. लोखंडाचा किंवा तांब्याचा डोळ्यास न दिसणारा कण धन बाजूच्या लेपात राहून गेला, तर तेथील विद्युत् दाबामुळे तो विरघळतो. त्याचे आयन पडदा ओलांडून ऋण बाजूस जातात, तेथे पुन्हा धातू बनतात आणि थरावर थर चढत पडद्याच्या छिद्रांतून उलट वाढू लागतात. असा घट कारखान्यातून निघतेवेळी सर्व परीक्षांत उत्तीर्ण होतो आणि काही महिन्यांनी अचानक बिघडतो. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीला लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. त्यातील सोनीच्या घटांमध्ये धातूचे सूक्ष्म कण आढळले होते.

जुळणीतील चुकाही तितक्याच महागात पडतात. २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ हा मोबाईल बाजारातून कायमचा काढून घ्यावा लागला. त्यात दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्या होत्या आणि दोघींत निरनिराळे दोष निघाले. एकीत ऋण पत्र्याचा कोपरा दुमडला जात होता. दुसरीत सांध्याच्या जोडकामाचा टोकदार उंचवटा पडद्यात घुसत होता, तर काही घटांत त्यावरील संरक्षक चिकटपट्टीच लावायची राहिली होती. २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्ट या मोटारीच्या १ लाख ४० हजारांवर गाड्यांबाबत अशीच मोहीम काढावी लागली. तेथे ऋण पत्र्याची जोडपट्टी फाटणे आणि पडदा दुमडणे हे दोन दोष एकाच घटात जुळून आल्यास आग लागत होती. कोणताही एक दोष असलेला घट वर्षानुवर्षे चालत असे.

ग्रामीण भागात विशेष लक्षात ठेवावे असे आणखी एक कारण आहे. बॅटरी पूर्णपणे उतरून महिनोन्‌महिने तशीच पडून राहिली की घटाचा दाब शून्याकडे घसरतो आणि ऋण बाजूचा तांब्याचा पत्राच द्रावात विरघळू लागतो. मग कोणी ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली तर विरघळलेले तांबे नको तेथे जाऊन बसते व पडद्यातून पूल तयार होतो. चांगल्या बॅटरीतील नियंत्रक यंत्रणा अशा उतरलेल्या बॅटरीला चार्ज होऊच देत नाही. दुरुस्तीच्या दुकानात या यंत्रणेला वळसा घालून बॅटरी “जागी” करून देतात. ही कसबाची गोष्ट मानली जाते, ती धोक्याची आहे.

फ्यूज का चालत नाही

घराच्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झाले तर फ्यूज उडतो आणि प्रवाह थांबतो. बॅटरीतही फ्यूज असतो, शिवाय प्रत्येक घटाचा दाब, प्रवाह आणि तापमान यांवर पाळत ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. बाहेरच्या तारा एकमेकींस चिकटल्या वा चार्जरने मर्यादा ओलांडली तर ही यंत्रणा मंडल तोडते. पण अंतर्गत शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह बाहेर येतच नाही. तो घटातल्या घटात, पडद्याच्या एका बिंदूतून धन बाजूकडून ऋण बाजूकडे वाहतो. त्या वाटेवर कोणताही स्विच बसविता येत नाही. स्कूटर बंद करून, चार्जर काढून, किल्ली खिशात घालून मालक झोपला तरी घटातील वीज घटातच असते. बॅटरीत उत्तम नियंत्रक यंत्रणा आहे म्हणून ती पूर्ण सुरक्षित आहे, या विक्रेत्याच्या आश्वासनाला येथे मर्यादा पडते.

दोन पत्रे पडद्यातून टेकले की आग लागतेच असे मात्र नाही. काय कशाला टेकले यावर पुष्कळ अवलंबून असते. दोन लेप एकमेकांस टेकले तर धन बाजूचा लेप विजेचा मंद वाहक असल्यामुळे प्रवाह बेताचा राहतो. सर्वांत घातक जोडी म्हणजे धन बाजूचा उघडा ॲल्युमिनियम पत्रा आणि ऋण बाजूचा भारित कार्बन. येथे अडथळा कमी, प्रवाह मोठा आणि उष्णता नेमकी त्या कार्बनपाशी निर्माण होते, जेथे रासायनिक क्रिया सुरू होण्यास सर्व सामग्री तयार असते. म्हणूनच चांगल्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या उघड्या कडांवर विद्युत्‌रोधक पट्टी लावतात. काही पैशांची ही पट्टी न लावल्याने काय होते ते वर आलेच आहे.

ठिणगीच्या जागी तापमान सुमारे ९० अंशांवर गेले की कार्बनवरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो व द्रावाशी त्याची उष्णता देणारी क्रिया सुरू होते. १३० अंशांच्या सुमारास पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो. २०० अंशांच्या आसपास धन बाजूच्या ऑक्साइडमधून प्राणवायू सुटू लागतो. याचा अर्थ असा की जळणारा द्राव, त्याला लागणारी उष्णता आणि प्राणवायू हे तिन्ही घटातच सिद्ध असतात, बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक क्रियेची उष्णता पुढच्या क्रियेस चेतविते व काही सेकंदांत तापमान सहाशे अंशांच्याही वर जाते. तज्ज्ञ याला ‘थर्मल रनअवे’, म्हणजे अनावर तापवाढ म्हणतात.

एक कोटीत एक

चांगल्या कारखान्यात तयार झालेल्या घटांत असा आपोआप पेटणारा घट एक कोटीत एक किंवा त्याहूनही विरळा असतो, असे सामान्यतः मानले जाते. ऐकण्यास हे प्रमाण नगण्य वाटते. पण तीनशे घटांची एक स्कूटर धरली तर एक कोटी घट अवघ्या तेहतीस हजार स्कूटरींत संपतात. शिवाय हे प्रमाण चांगल्या कारखान्याचे आहे.

इतक्या विरळ दोषाचा शोध नमुना-परीक्षेने लागणे शक्य नाही. प्रमाणपत्रासाठी काही डझन घट तपासले आणि ते सर्व उत्तीर्ण झाले, तर त्यावरून रचना बरी आहे एवढेच सिद्ध होते. पुढच्या महिन्यात त्याच कारखान्यात कोणत्या घटात धातूचा कण शिरेल, हे त्यातून कळत नाही. ७८७ विमानाला परवाना मिळताना बॅटरीतून धूर निघण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाण-तासांत एकदाही येणार नाही, असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात एक लाख तासही पुरे झाले नव्हते तोच दोन बॅटऱ्या जळाल्या. एका घटात बिघाड झाला तर तो शेजारी पसरणार नाही, हेही गृहीतच होते. सुरक्षा मंडळाने आपल्या अहवालात नेमका यावर ठपका ठेवला आहे. अंतर्गत शॉर्टसर्किट होणार असे धरून त्याचे परिणाम आवरण्याची योजना विमान-कंपनीने केली नाही, आणि परवाना देणाऱ्या खात्याच्याही ती उणीव ध्यानी आली नाही.

घटात खिळा ठोकून तो पेटत नाही असे दाखविण्याची पद्धत जाहिरातींत बरीच लोकप्रिय आहे. तिला काही अर्थ आहे, पण खिळ्याने एकाच वेळी अनेक थर जोडले जातात, उष्णता लोखंडातून बाहेर वाहून जाते आणि डबीलाही छिद्र पडते. पोटात वाढणाऱ्या सूक्ष्म काट्याची ती नक्कल नव्हे. यावर जपानमध्ये २००७ च्या सुमारास एक अधिक प्रामाणिक कसोटी प्रमाणित झाली. भारित घट उघडून त्याच्या गुंडाळीत निकेलचा ०.२ मिलिमीटर उंचीचा, इंग्रजी एल अक्षरासारखा तुकडा ठेवायचा, गुंडाळी पुन्हा बंद करून वरून दाब द्यायचा आणि घट पेटतो काय ते पाहायचे. पुढे अमेरिकेतील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने नासाच्या सहकार्याने आणखी चतुर युक्ती काढली. घट तयार करतानाच त्यात तांबे व ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्यांमध्ये मेणाचा थर असलेले लहानसे साधन बसवितात. घट नेहमीसारखा चालतो. बाहेरून थोडी ऊब दिली की मेण वितळते व ठरविलेल्या जागी, ठरविलेल्या प्रकारचे शॉर्टसर्किट होते. कोणता घट किती सोशिक आहे, हे त्यामुळे मोजता येऊ लागले.

सुधारणा कोठे झाल्या

पहिली सुधारणा कारखान्यातील स्वच्छतेची. लेपाच्या भुकटीतून चुंबकाच्या साहाय्याने लोहकण काढून घेणे, कापलेल्या पत्र्यांच्या कडा तपासणे आणि क्ष-किरणांनी गुंडाळीची ठेवण पाहणे, ही कामे दिसण्यास किरकोळ असली तरी निर्णायक आहेत. त्यांतील सर्वांत साधी म्हणजे वाट पाहणे. भारित घट काही दिवस ते काही आठवडे कपाटात ठेवून त्यांचा दाब पुन्हा मोजतात. ज्याच्या पोटात सूक्ष्म गळती सुरू झाली आहे त्याचा दाब इतरांपेक्षा किंचित अधिक उतरतो आणि तो बाजूला काढला जातो. घाईत असलेला कारखानदार हेच दिवस वाचवितो.

दुसरी सुधारणा पडद्याची. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांचा जोडपडदा वापरला तर १३० अंशांना पहिले वितळून छिद्रे बुजतात व आयनांची वाट बंद होते. दुसरे सुमारे १६५ अंशांपर्यंत टिकून दोन्ही पत्रे अलग ठेवते. संपूर्ण घट सावकाश तापत असेल तेव्हा ही योजना उत्तम चालते. पण एकाच बिंदूत उष्णता उसळली तर प्लास्टिक तेथून आकसून मागे सरते आणि भोक मोठे होते. म्हणून पडद्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा काही मायक्रॉनांचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली. प्लास्टिक वितळले तरी हा सांगाडा आकसत नाही. आज वाहनांच्या घटांत असा पडदा सर्रास वापरला जातो.

तिसरी दिशा पत्र्याची आहे. ॲल्युमिनियमचा संपूर्ण पत्रा न वापरता प्लास्टिकच्या पातळ फितीवर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा मुलामा द्यायचा. शॉर्टसर्किट झालेल्या जागी प्लास्टिक वितळून मागे सरते आणि मुलामाही त्याच्याबरोबर तुटतो. ज्या बिंदूला फ्यूज लावणे अशक्य मानले जात होते, त्या बिंदूलाच हा फ्यूज आपोआप मिळतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत याचे आशादायक निकाल मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात यी चुई यांच्या गटाने २०१४ मध्ये पडद्याच्या मध्यभागी तांब्याचा अतिपातळ थर ठेवून, काटा अर्ध्या वाटेवर असतानाच इशारा देणारा पडदा दाखविला होता. अशा अनेक कल्पना प्रयोगशाळेत यशस्वी होतात. कोट्यवधी घटांच्या उत्पादनात परवडतील अशा थोड्याच निघतात.

धन बाजूच्या पदार्थाची निवड ही मात्र आजच हाती असलेली गोष्ट आहे. १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत अक्षय पाधी व के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांनी लोह-फॉस्फेटचा उपयोग दाखवून दिला. फॉस्फेटमधील प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावर तो सहजासहजी सुटत नाही. त्यामुळे या घटातील तापवाढ संथ व सौम्य होते. साठवण काहीशी कमी असली तरी पथदिवा किंवा कचेरीतील इन्व्हर्टर यांसारख्या एका जागी राहणाऱ्या साधनांसाठी त्याने काही बिघडत नाही. तरीही हा घट अग्निरोधक नव्हे. बिघाड झाल्यास त्यातूनही हायड्रोजन व इतर ज्वालाग्राही वायू निघतात. एप्रिल २०२१ मध्ये बीजिंग येथील लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांच्या साठवण केंद्रात स्फोट होऊन अग्निशामक दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले.

सोडियम-आयन घटांकडेही या दृष्टीने पाहिले जाते. त्यांत दोन्ही बाजूंस ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो, त्यामुळे उतरलेल्या घटात तांबे विरघळण्याचा प्रश्नच राहत नाही. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर, पुणे या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले असे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

एक पेटला तरी दुसरा पेटू नये

बोइंगने अखेर काय केले? शॉर्टसर्किट होणारच नाही असे म्हणणे कंपनीने सोडून दिले. घटांमध्ये उष्णतारोधक जाड केले, चार्जिंगच्या मर्यादा आवळल्या, संपूर्ण बॅटरी पोलादी पेटीत बंद केली आणि पेटीतील वायू थेट विमानाबाहेर सोडणारी नळी बसविली. १४ जानेवारी २०१४ रोजी नारिता विमानतळावर उभ्या असलेल्या एका ७८७ विमानाच्या बॅटरीतील एक घट पुन्हा बिघडला. या वेळी नुकसान त्या घटापुरतेच राहिले.

हेच तत्त्व आता वाहनांच्या नियमांत उतरले आहे. २०२२ मध्ये देशात विजेच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटना लागोपाठ घडल्यावर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हैदराबाद येथील एआरसीआय या संशोधन संस्थेचे संचालक टाटा नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून एआयएस-१५६ या मानकात दुरुस्ती करण्यात येऊन ती १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अमलात आली. घट कोणत्या कारखान्यात व केव्हा तयार झाला याची नोंद राहणे आणि एक घट मुद्दाम बिघडवून शेजाऱ्यांवर काय परिणाम होतो ते पाहणे, या गोष्टी दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या बॅटरीला तेव्हापासून लागू झाल्या. चीनने २०२० च्या मानकात आग प्रवासी कक्षात पोचण्यापूर्वी पाच मिनिटे इशारा मिळाला पाहिजे असे म्हटले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मानकात आग व स्फोट होताच कामा नये अशी अट घालण्यात आली, आणि तिच्या अंमलासाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

या तारखांचा व्यवहारातील अर्थ असा की एप्रिल २०२३ पूर्वी विकली गेलेली वाहने या कसोटीतून गेलेली असतीलच असे नाही. त्यांपैकी पुष्कळ आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असतील आणि काहींत स्थानिक कारागिराने जुन्या लॅपटॉपच्या घटांतून जुळविलेली बॅटरी बसली असेल. अशा जुळणीत निरनिराळ्या वयाचे घट एकत्र येतात, त्यांचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो आणि घटांमधील अंतर व रोधक यांचा विचारच झालेला नसतो. ग्रामपंचायतीने वा शाळेने पथदिवे, इन्व्हर्टर किंवा वाहन घेताना केवळ कमीत कमी दर न पाहता घटाचा प्रकार, उत्पादक, तुकडी क्रमांक व लागू असलेल्या मानकाचे प्रमाणपत्र निविदेतच मागणे इष्ट. जो पुरवठादार घट कोणाचे हे सांगू शकत नाही, त्याचा दर पाहण्याचे कारण उरत नाही.

चार्जिंगची जागा हाही सार्वजनिक निर्णयाचा भाग झाला पाहिजे. जिन्याखाली, दाराच्या तोंडाशी किंवा झोपण्याच्या खोलीत बॅटरी पेटली तर बाहेर पडण्याचा एकमेव मार्गच बंद होतो. कचेरीच्या आवारात पत्र्याची उघडी शेड, अभिलेख-कक्षापासून दूर, एवढी सोय बहुतेक ठिकाणी होण्यासारखी आहे. उन्हातून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला न लावता तासभर थंड होऊ द्यावी. फुगलेली, आपटलेली, पाण्यात बुडालेली अथवा चार्ज करून ठेवली तरी आपोआप उतरणारी बॅटरी वापरातून काढावी. आपोआप उतरणे ही पोटातील गळतीची खूण असू शकते. वर्गात घटाची रचना दाखविण्यासाठी मोबाईलची जुनी बॅटरी उघडण्याचा मोह शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा.

प्रत्यक्ष आग लागल्यास प्रथम माणसे बाहेर काढावीत, वीजपुरवठा तोडावा व अग्निशामक दलास कळवावे. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, त्यामुळे ओला रुमाल बांधून आत शिरणे हे धाडस व्यर्थ होय. भुकटीच्या अग्निशामकाने ज्वाळा दबतात पण घट थंड होत नाही. थंड करण्याचे काम भरपूर पाण्यानेच होते. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती मोकळ्या जागेत, इतर वस्तूंपासून दूर ठेवून तिच्यावर लक्ष ठेवणे भाग असते.

निकामी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली असून त्या जमिनीत पुरण्यास किंवा जाळण्यास मनाई केली आहे. त्या विक्रेत्याकडे वा अधिकृत संकलन केंद्राकडे सुपूर्द होईपर्यंत टोकांवर चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या बादलीत, सावलीत पण घराबाहेर ठेवाव्यात. घंटागाडीत त्या टाकू नयेत. पुढे कचरा दाबणाऱ्या वाहनात त्या चेपल्या जातात आणि आतला पडदा तेथे फाटतो.